पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही

मित्रांनो, धुळ्याजवळच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे मी एक जुने शिकाऊ विमान आहे. वय बावीस. पंख अजून सरळ आहेत आणि आवाजही खणखणीत आहे.

माझे भाग दूरदेशीच्या कारखान्यात घडले. मला एक इंजिन, चार आसने आणि उडताना पोटाशी ओढून घेता येणारी तीन चाके आहेत. आमच्या विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेतल्या इतर विमानांची चाके सदा खाली लोंबत असत. मी मात्र उडालो की पक्ष्यासारखे पाय पोटाशी घेत असे. नवीन मुले पहिला फोटो माझ्यापाशीच काढत.

पुढे नव्या विमानांची भर पडली आणि मी मागे सरलो. वर्षभर कोपऱ्यात उभा होतो. खानदेशातला उन्हाळा म्हणजे धूळच धूळ! कुंभारमाशीने माझ्या पंखाखाली मातीचे घर बांधले, तरी कुणाचे लक्ष गेले नाही. मग शिकणारी मुले वाढली आणि माझी आठवण झाली. आमचे मेकॅनिक भटूआबा यांनी मला तपासले, पुसले आणि पुन्हा कामाला लावले.

गेल्या फेब्रुवारीत निलोफर नावाची मुलगी मला एकटीने घेऊन जळगावला निघाली. ती अमळनेरची. तिचे वडील तिथे गाद्या भरतात. जाताना सगळे सुरळीत झाले. जळगावला उतरलो, परत निघालो, मी पाय पोटाशी घेतले. धुळे जवळ आल्यावर तिने चाके खाली सोडण्याचा दांडा ओढला. मागची दोन चाके धप्प करून बसली. पुढचे मात्र मध्येच अडकले. मी जोर लावला, पण ते हलेना. चाक पूर्ण खाली येऊन बसले की चालकासमोर त्याचा हिरवा दिवा लागतो.

रेडिओवर खालून दिपमाला मॅडमचा आवाज आला. त्या तिच्या शिक्षिका.

"निलोफर, हिरवे दिवे किती?"

"दोनच, मॅडम. पुढचा लागत नाहीये."

"चाक ढकलायचा हातपंप मारून बघ."

"तीनदा मारला. चाक ढिम्म आहे."

मॅडमनी तिला धावपट्टीवरून कमी उंचीने जायला सांगितले. भटूआबा दुर्बीण घेऊन उभेच होते. त्यांचे अहिराणी बोलणे रेडिओवर ऐकू आले, "मॅडम, पुढलं चाक आर्धंच बाहेर शे."

आता एकच मार्ग होता. आगीचा धोका नको म्हणून इंधन कमी होईपर्यंत घिरट्या घालायच्या आणि मागच्या दोन चाकांवर उतरायचे. चाळीस मिनिटे आम्ही माळावर फिरत राहिलो. सुरुवातीला निलोफरच्या तळहाताचा घाम मला जाणवत होता. मग तिने हात ओढणीला पुसले.

"मॅडम, अब्बांना फोन करू नका. खाली आल्यावर मीच करीन."

"बरं. तूच कर," मॅडम म्हणाल्या. "मागची चाकं टेकली की इंजिन बंद. नाक जमेल तितका वेळ वर धर. दार आधीच थोडं उघडून ठेव, म्हणजे अडकणार नाही."

आम्ही खाली आलो. मागची चाके अलगद टेकली. इंजिन थांबले. निलोफरने दोन्ही हातांनी नाक वर धरणारा सुकाणूचा दांडा छातीशी ओढून धरला. मीही वाऱ्यावर नाक तोलून होतो. वेग कमी झाला आणि नाक खाली आले. कर्रर्र आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, नाकावरच्या पंख्याचे एक पाते वाकले. आणि मी धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर थांबलो.

तिने एकेक बटण बंद केले आणि बाहेर उडी मारली. अग्निशमनच्या गाडीशेजारी उभी राहून तिने फोन लावला. "अब्बा, मैं नीचे आ गई. जहाज की नाक घिसी है, मेरी नहीं."

दुसऱ्या दिवशी भटूआबांनी माझे पुढचे चाक उघडले. बिजागरीच्या खिळ्यावर जुने ग्रीस आणि धूळ मिळून दगडासारखा थर बसला होता. आबांनी तो खिळा वर धरून दाखवला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक मनी शे. हा खिळा काढून साफ करायला पाहिजे होता. मी नुसता वरून पुसला."

निलोफर पुढे झाली. "आबा, सकाळी निघताना मीही वाकून बघितलं होतं. मलाही नाही दिसलं. आता कसा साफ करायचा ते दाखवा."

आबांनी मग शाळेतले सगळे खिळे, सगळ्या बिजागऱ्या काढायला लावल्या. आणखी एका विमानात, पंखाच्या हलत्या पट्टीच्या बिजागरीत, तसाच थर निघाला.

दोन महिन्यांनी मी दुरुस्त झालो. चाचणीच्या दिवशी भटूआबा मॅडमना म्हणाले, "मी मागे बसतो." एकतीस वर्षे विमाने दुरुस्त करणारा हा माणूस एकदाही उडाला नव्हता!

"आबा, तुम्हाला शिडीवर चढलं तरी चक्कर येते."

"येऊ द्या."

आकाशात मॅडमनी तीनदा चाके आत घेतली, तीनदा बाहेर काढली. तीनही वेळा तिन्ही दिवे हिरवे! उतरल्यावर मॅडमनी विचारले, "वरून धुळं कसं दिसलं?"

"कुणाले माहीत? मी डोळे मिटून चाकांचा आवाज ऐकत होतो."

मित्रांनो, तुमच्या घरीही सायकल असेल, शिलाई मशीन असेल. त्यांना वरवर पुसून सोडून देऊ नका. आणि कधी चुकलातच, तर चारचौघांत सांगायला लाजू नका. आबा त्या दिवशी गप्प राहिले असते, तर ते दुसरे विमान तसेच उडत राहिले असते.