मधला स्पीकर आणि सुकदेवनानांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. जुना म्हणजे आठ वर्षांचा. आठ वर्षांच्या मुलाला तुमच्यात कुणी जुना म्हणत नाही, पण आमच्यात म्हणतात. भुसावळला नवलसरांच्या घरी टीव्हीच्या खाली जो काळा, आडवा, लांबट खोका दिसतो, तो मी. होम थिएटरमधला मधला स्पीकर. माझ्या डाव्या-उजव्या हाताला दोन उंच भाऊ उभे आहेत, मागच्या भिंतीवर दोन लहान भाऊ टांगलेले आहेत आणि कोपऱ्यात एक जाडजूड वूफर बसलेला असतो. तो बोलत काहीच नाही, नुसता धडधडतो. तरी आलेला पाहुणा "काय दणका आहे!" असं म्हणतो तो त्यालाच.

मला त्याचं वाईट वाटत नाही. म्हणजे फारसं वाटत नाही. कारण पडद्यावरची माणसं जे काही बोलतात, ते जवळजवळ सगळं माझ्या तोंडून येतं. गाणी भावांची, गडगडाट वूफरचा आणि माणसाचा शब्द माझा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दाबलेल्या लाकडी फळ्या जोडून माझं अंग बनवलं. दोन्ही बाजूंना दोन कागदी शंकू बसवले आणि बरोबर मधोमध रेशमी कापडाचा एक चकचकीत घुमट, बोराएवढा. एवढ्याशा घुमटाचं काय काम, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. मग जुळणी करणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा माझ्यात एका माणसाचा आवाज सोडला आणि मी थक्क झालो. आवाजाचं जाडजूड अंग शंकूंनी काढलं, पण 'स', 'श', 'च' ही अक्षरं त्या घुमटातून निघाली. 'स' म्हणजे तरी काय? दातांच्या फटीतून निघालेली वाऱ्याची झुळूक. तेवढ्या झुळकेवर माणसं एकमेकांशी भांडतात, एकमेकांना समजावतात, लग्नं ठरवतात! ती झुळूक हरवली, तर समोरच्याला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. हे मी त्या दिवशी शिकलो आणि आजही मला त्याचं नवल वाटतं.

जळगावच्या एका दुकानातून नवलसरांनी मला घरी आणलं ते त्यांच्या वडिलांसाठी. सुकदेवनाना त्याच वर्षी निवृत्त झाले होते. ते मूळचे धुळे जिल्ह्यातले, शिंदखेड्याकडचे. पण सारी हयात त्यांनी भुसावळहून मालगाड्या हाकल्या. इंजिनाच्या आवाजात पस्तीस वर्षं काढली आणि कानांचा बराचसा भाग तिथेच ठेवून आले.

त्या काळात मी टीव्हीसमोरच्या उघड्या टेबलावर बसायचो. नाना समोरच्या वेताच्या खुर्चीत बसून बातम्या ऐकायचे आणि आपल्या अहिराणीत म्हणायचे, "हाऊ स्पीकर खरा शे." एवढं कौतुक मला पुरे होतं.

नवलसरांची मुलगी, म्हणजे नानांची नात दिपमाला तेव्हा शाळेत होती. दुपारी दोघं बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर बसून रेल्वेचा खेळ खेळायचे. रेल्वेत एक पद्धत आहे, मित्रांनो. समोर सिग्नल दिसला की ड्रायव्हर तो मोठ्याने सांगतो आणि त्याच्या सहायकाने तोच शब्द मोठ्याने परत म्हणायचा. म्हणजे दोघांनी एकच पाहिलं याची खात्री होते. बंगईवर दिपमाला ड्रायव्हर आणि नाना सहायक. ती ओरडायची, "सिग्नल हिरवा!" नाना ओरडायचे, "सिग्नल हिरवा!" तिने घाईत बोलून शेवटचा शब्द गिळला, की ते बंगई थांबवायचे. "शेवटनं अक्षर पुरं म्हन, बेटा. इंजिनमा अर्धा शब्द चालस नई."

मग घरात नवा शोकेस आला. त्याच्या खालच्या कप्प्यात, सरकत्या काचेच्या मागे मला ढकललं. धूळ बसू नये म्हणून भिकुबाईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल माझ्या तोंडावरून सोडला. माझा आवाज कप्प्यातच घुमायला लागला. जो थोडा बाहेर पडायचा, तो लोकांच्या गुडघ्यांवर जाऊन आदळायचा.

आणि दरवर्षी दसरा यायचा. घरातली शिलाई मशीन, सरांची गाडी, मिक्सर, सगळ्यांची पूजा व्हायची. माझीही व्हायची. भिकुबाई माझी जाळी काढायच्या, ओलं बोट कुंकवात बुडवायच्या आणि माझ्या कपाळावर टेकवायच्या. आता माझं कपाळ कुठलं? त्यांना वाटलं, मधोमध चकचकीत गोल दिसतो तेच. पहिल्याच वर्षी घुमट थोडा आत दबला. नंतरच्या दर दसऱ्याला आणखी दबला आणि वरून कुंकवाचा थर साचत गेला. मी त्यांना दोष देत नाही. एवढ्या मायेने मला दुसऱ्या कुणी कधी हात लावला नव्हता. पण माझा 'स' गेला, 'श' गेला आणि हे घरात कुणाला कळलंच नाही.

कळलं फक्त नानांना, आणि त्यांना वाटलं, आपलेच कान गेले. "आवाज येस, पन बोल समजत नई," असं म्हणून ते दोनदा, तीनदा विचारायचे. घरचे एकदा सांगायचे, दुसऱ्यांदा ओरडून सांगायचे, तिसऱ्यांदा नुसता हात हलवायचे. हळूहळू नानांनी विचारणंच सोडून दिलं.

यंदा दिपमालाने पुण्याहून कळवलं, की हतनूरच्या धरणावर येणाऱ्या पक्ष्यांवर तिच्या कॉलेजने फिल्म केली आहे, रविवारी सकाळी अकराला ती टीव्हीवर दाखवणार आहेत आणि त्यात सगळं बोलणं तिच्या आवाजात आहे. सोबत तिने त्यातला छोटासा तुकडा पाठवला. सरांनी तो टीव्हीवर लावला. भिकुबाईंनी तर पडद्याचीच दृष्ट काढली. नाना खुर्चीत पुढे सरकून, कानामागे हात धरून बसले होते.

"काय बोलनी ती?" त्यांनी विचारलं.

सरांनी सांगितलं. नानांनी परत विचारलं.

"नाना, राहू द्या ना आता. नंतर सांगतो मी."

नाना उठले. बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मित्रांनो, मी लाकडाचा आणि कागदाचा, पण त्या दिवशी मला फार लाज वाटली. नात बोलत होती, आजोबा कान देऊन बसले होते आणि मधल्या मध्ये तिचे शब्द गिळत होतो तो मी.

नवलसरांनाही आपल्या बोलण्याचा पस्तावा झाला असावा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नाजमीनला बोलावलं. बाजारात तिच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, ते आता ती चालवते. सर म्हणाले, "हा मधला स्पीकर घेऊन जा आणि रविवारच्या आत दुसरा आणून दे." म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! शोकेस तसाच, रुमाल तसाच आणि घराबाहेर मी.

नाजमीनने लगेच मला उचललं नाही. तिने विचारलं, "सर, टीव्ही जास्त कोण बघतं?"

"नाना."

"मग नाना कुठे बसतात?"

ती जाऊन नानांच्या खुर्चीत बसली. तिने गाणं लावू दिलं नाही. "गाण्यात सगळं झाकून जातं सर, बातम्या लावा," म्हणाली. मग तिने दोन्ही कानांत बोटं घातली, डोळे मिटले आणि ती ऐकत राहिली. दोन मिनिटं, पाच मिनिटं. मी तिच्याकडे बघतच राहिलो. चांगले कान असलेली एक मुलगी, नानांना कसं ऐकू येत असेल ते शोधत होती. आठ वर्षांत मी हजारो माणसांचे आवाज काढले, पण असं ऐकणारं माणूस पाहिलं नव्हतं.

डोळे उघडून ती उठली. रुमाल काढला, काच सरकवली, माझी जाळी काढली आणि ओरडली, "अरे बाप रे! ये किसने दबाया?"

भिकुबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी बघितलं, समजून घेतलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "म्हंजे मीच दाबं का वं माय ते? देवनी गत कुकू लावं मी. आनी हाऊ माणूस तिकडे म्हनस, कान गयात मना."

"अक्का, रडायचं नाही," नाजमीन म्हणाली. "फाटलेलं नाही, नुसतं आत गेलंय."

तिने रंगाच्या मऊ कुंचल्याने माझ्यावरचं सात दसऱ्यांचं कुंकू झाडलं. मग चिकटपट्टीचा छोटा तुकडा घुमटाला हलकेच टेकवला आणि श्वास रोखून बाहेर ओढला. एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा घुमट टक् करून वर आला. बारीकशी एक सुरकुती राहिली, ती अजून आहे. काच तिने कायमची काढायला लावली. मला कप्प्याच्या अगदी कडेपर्यंत पुढे आणलं आणि माझं तोंड नानांच्या कानांकडे वर करायला जुन्या चपलेचे तुकडे मागितले.

"पूजा करेल वस्तूखाले चप्पल लावशी का?" भिकुबाई डोळे पुसता पुसता कडाडल्या. शेवटी सरांनी शाळेच्या पिशवीतून दोन खोडरबरं काढून दिली. तीच आजही माझ्या खाली आहेत. भिकुबाईंच्या शिवणाच्या टेपने नाजमीनने माझ्यापासून खुर्चीपर्यंतचं अंतर मोजलं, ते आकडे ॲम्प्लिफायरमध्ये भरले, माझा एकट्याचा आवाज दोन घरं वर केला आणि वूफरचा खाली आणला. वूफर दिवसभर रुसून होता.

"आता बोलणं समजेल," जाताना ती सरांना म्हणाली. "पण नानांचे कानही एकदा दाखवा. माझं काम खुर्चीपर्यंतच पोहोचतं."

रविवारी अकराला सगळे बसले. नानांना बळेच आणून बसवावं लागलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. फिल्म सुरू झाली आणि दिपमालाचा आवाज माझ्यात आला. तिचा 'स' स्वच्छ, 'श' स्वच्छ आणि प्रत्येक वाक्याचं शेवटचं अक्षर पुरं. बंगईवरची ती सवय तिने तशीच जपली होती. मी एकही अक्षर सांडू दिलं नाही. मला भीती वाटत होती, की पोहोचतंय की नाही.

नानांनी मान वळवली. मग खुर्ची वळवली. कानामागे नेलेला हात त्यांनी खाली घेतला. ते विचारत काहीच नव्हते.

शेवटी पडद्यावर बदकांचा मोठा थवा पाण्यावरून उठला. दिपमाला म्हणाली, "उन्हाळा लागला, की हे पाहुणे हजारो मैलांवरच्या घरी निघतात. त्यांना वाट कुणी सांगत नाही. वर आभाळ मोकळं असतं. सिग्नल हिरवा."

"सिग्नल हिरवा!"

नाना खुर्चीतून उठून उभे राहिले होते. आवाज असा खणखणीत, की भिंतीवरचे माझे लहान भाऊ हादरले. सर रडत होते. नाना त्यांच्याकडे वळून म्हणाले, "बठ्ठं समजनं माले, नवल. बठ्ठं, शेवटनं अक्षर बी." आणि थोड्या वेळाने, जरा हळू, "कानना डॉक्टरकडे कव्हय जावानं शे?"

मित्रांनो, आवाज काढणं सोपं आहे, तो वूफरही काढतो. पण एका माणसाच्या मनातला शब्द हवेतून जाऊन दुसऱ्याच्या मनात जशाचा तसा उतरतो, हे केवढं मोठं आहे! मी ते रोज करतो आणि तरी मला ते पुरतं कळलेलं नाही. म्हणून एवढंच मागतो. आमच्यासारख्यांना काचेत कोंडू नका, तोंडावर रुमाल टाकू नका. आणि घरात कुणी "काय म्हणालास?" असं दुसऱ्यांदा विचारलं, तर चिडण्याआधी एकदा त्यांच्या खुर्चीत बसून बघा.

परवा दसरा झाला. भिकुबाई कुंकवाचं बोट घेऊन माझ्यासमोर वाकल्या. नाना खुर्चीतून ओरडले, "वर, लाकूडवर!"

"लाकूडवर!" भिकुबाई मोठ्याने म्हणाल्या आणि त्यांनी बोट माझ्या डोक्यावर टेकवलं.