चांदणीच्या पाठीवर कोण?

बोरी बुद्रुकच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध बहिरूची घोडी चांदणी मागच्या पायांवर उभी राहून पाठीवरचं खोगीर फेकू पाहत होती. सयाजी भगत भंडारा उधळत ओरडला, “पोरगं घोडीत शिरलंय! कुणाला बसू दीना!”

बहिरूच्या बायकोनं, तुकाबाईनं, तोंडात पदर कोंबला. तिचा जालिंदर याच घोडीवर बसून शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलगाड्यांपुढं दौडायचा. गेल्या साली मंचरजवळ हायवेवर ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली, तो जागीच गेला. तेव्हापासून खोगीर अडगळीत पडलं होतं. यंदा जत्रेसाठी काढलं, तर चांदणी कुणालाच वर चढू देईना.

भगत घोडीच्या पोटाशी खेटला, काहीतरी पुटपुटला. “जालिंदर, शांत व्हय लेकरा!” आणि चांदणी खरंच शांत झाली! लोकांनी हात जोडले.

“अवसेला घोडी माज्या मठावर सोडा. न्हाईतर पोरगं असंच तळमळंल.”

बहिरू तयार झाला. तुकाबाई मात्र त्या दिवसापासून गोठ्यातच बसू लागली. घोडीच्या मानेला मिठी मारून ती बोलत राही. जालिंदरला न सांगितलेलं पुष्कळ राहिलं होतं.

अवसेला भगत घोडी न्यायला आला, मागोमाग सगळा गाव. तुकाबाईच्या लेकीनं, हिरानं, जनावरांच्या डॉक्टर प्रतिभाताईंना आधीच बोलावून ठेवलं होतं. ताईंनी घोडीच्या पाठीवरून हात फिरवला, तशी ती थरथरली.

ताई म्हणाल्या, “भगतबुवा, खोगीर चढवा आणि मंत्र म्हणा. फक्त पोटाखालच्या पट्ट्याला, तंगाला, हात लावायचा नाही.”

बहिरूनं तंग आवळला, तशी चांदणी उधळली. भगतानं मंत्र म्हटला, भंडारा उधळला, घाम पुसला. काही होईना. मग ताईंनी तोंडातून अवाक्षर न काढता तंग सैल केला. घोडी जागेवर उभी राहिली.

ताईंनी खोगीर उलटं करून गुडघ्यानं दाबलं. आतली लाकडी चौकट तडकली होती. दाब पडताच गादीतून गंजका खिळा वर आला.

“तंग आवळला किंवा वजन पडलं की हा रुततो. त्या दिवशी बुवांनी गुपचूप तंग सैल केला. बाकी सगळा देखावा.”

भगत गर्दीतून कधी सटकला, कळलंही नाही.

तुकाबाईनं खिळ्याच्या टोकावर बोट ठेवलं. “मंग माजा जालिंदर?”

“तो यात नव्हता, आई,” हिरा म्हणाली.

चितेपाशीसुद्धा न रडलेली ती बाई तिथंच बसून हंबरडा फोडून रडली. बहिरूला तिच्याजवळ जायचा धीर होईना. हिरानं तिला धरलं.

बऱ्याच वेळानं ती उठली. ताईंकडून मलम घेऊन चांदणीच्या जखमेवर लावू लागली. माणसं अजून घुटमळत होती.

“काय बघताय?” ती म्हणाली. “मुकं जनावर व्हतं, दुखत व्हतं म्हणून लाथा झाडीत व्हतं. तुमी-आमी त्याची पाठ बघायची सोडून हात जोडीत बसलो. आन् मी तर लई दिस तिच्या कळांनाच माजं पोरगं समजले. जनावर बिथरलं तर आदी डॉक्टरला दावा. मेलेल्याला मेलेला ऱ्हाऊ द्या, राव. त्याच्या आईला त्याची चिता दुसऱ्यांदा बघायला लावू नका.”