थांबलेली बस

प्रोग्राम एकदाचा बंद पाडायला तुळसीने कीबोर्डवर बोटं टेकवली, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून चंद्रमौळी तमिळमध्ये ओरडला.

"हात काढ!"

पडद्यावरची छोटी पिवळी बस अर्ध्या रस्त्यात गप्प उभी होती. ट्रॅव्हल्सच्या गिऱ्हाइकाला आसनांची जुळवाजुळव होईपर्यंत कंटाळा येऊ नये, म्हणून तुळसीने टायमर लावून ती पळवली होती. ठोका पडला की बस थोडी पुढे. पण जुळवाजुळव सुरू झाली रे झाली की बाईसाहेब हटून बसत.

"अडकलीय ती."

"अडकली नाही. आत काम चाललंय, त्यात टायमरला सवड मिळत नाही. आता बंद पाडलंस तर सगळं पहिल्यापासून." मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "अप्पा काय म्हणाले?"

"काही नाही. तेच तर!"

लग्न करेन तर चंद्रमौळीशीच, असं काल सकाळी तिने वडिलांना सांगितलं होतं. घर तंजावरच्या मराठ्यांचं, मुलगा तमिळ. अप्पांनी ऐकून घेतलं आणि पेपर उघडला. रात्रीपर्यंत त्याचं पान उलटलं नाही. तेव्हापासून तुळसीच्या जिवाला थारा नव्हता. नकार तर नकार, पण तोंडाने द्या की! आज घरी जाऊन तो मागून घ्यायचाच, असं तिने ठरवलं होतं.

बस एकाएकी हलली आणि सुरळीत पलीकडे गेली. खाली सगळी आसनं नीट लागलेली होती.

संध्याकाळी वेस्ट मांबलमच्या घरात अप्पा खिडकीशी तसेच बसले होते. हातात कालचाच पेपर. चपला न काढताच ती उंबऱ्यातून म्हणाली,

"अप्पा..."

त्यांनी वर पाहिलं नाही. अंगठा तेवढा पेपराच्या कडेवरून सावकाश फिरत होता. तुळसी त्या अंगठ्याकडे बघत राहिली. ओठांवर आलेलं तिने गिळलं, चपला काढल्या आणि अम्मापुढची शेवग्याच्या पाल्याची टोपली ओढून घेतली. पानं खुडून संपली तरी ती देठं मोडत बसली. आत कुकरने शिट्टी दिली. जवळच्या स्टेशनात गाडी आली, गेली. विचारावं का? नको. तिने आणखी एक देठ मोडलं.

"तुळसी."

"हां अप्पा."

"त्या पोरास आमचा डाळ-वांग्याचा पिटला चालतो की?"

तिने मान डोलावली.

"आयतवारी जेवायास ये म्हण त्यास," ते म्हणाले, आणि कालच्या पेपराचं पान उलटलं.