दोन बटणांचं मशीन

"बाईसाहेब, आधी हे बघून घ्या, मग दुसरं दाखवतो," मशीनवाला म्हणाला आणि त्याने बटणावर अंगठा ठेवला. वरून जाड लोखंडी पाटा खाली उतरू लागला, पेटीत भरलेला पुठ्ठा करकरत बसत गेला. मी जाणकारासारखी मान डोलावली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण विकणाऱ्यासमोर तसं दाखवायचं नसतं, एवढं धंद्यात राहून शिकले आहे. कळणारा माणूस माझ्या शेजारीच उभा होता. माझे धाकटे दीर.

भाऊजींनी मशीनच्या मागे जाऊन पाहिलं, वाकून खालून पाहिलं, पुढचं दार उघडून कडीवरून बोट फिरवलं. त्यांच्या शर्टाची डावी बाही दुमडून खांद्यापाशी पिनेने टाचलेली होती. ती मशीनवाल्याने आम्ही आल्याआल्या पाहिली होती आणि तेव्हापासून तो फक्त माझ्याशीच बोलत होता. हात गेला की माणसाचे कानही गेले असं लोकांना का वाटतं, कोण जाणे.

आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं. पत्र्याचं एक लांबलचक छप्पर आणि त्याखाली सगळा पसारा. पुठ्ठ्याचे ताव येतात, कापले जातात, खोकी होऊन बाहेर पडतात आणि मागे उरतो कात्रणांचा ढीग. कात्रण सुटं विकायला काढलं तर घेणारा नाक मुरडतो. तेच दाबून, तारेने आवळून चौकोनी गठ्ठे केले, की हाच गृहस्थ दारात गाडी लावून उभा राहतो. तर हे ऑर्डरी आणायचे, मी हिशेब आणि माणसं सांभाळायची, आणि मागच्या अंगाला भाऊजी आणि त्यांचं गठ्ठे बांधायचं मशीन, अशी आमची वाटणी. त्या मशीनला भाऊजी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

त्याच मशीनने त्यांचा हात घेतला. उजव्या हाताने खटका दाबायचा, आणि पाटा खाली येत असताना पुठ्ठ्याची एखादी कड वर आली तर ती डाव्या हाताने पटकन आत ढकलायची, ही त्यांची पद्धत. त्यांचीच कशाला, हे काम करणाऱ्या सगळ्यांचीच. वर्षानुवर्षं काही झालं नाही आणि एका दुपारी झालं. कोपराच्या वरून हात काढावा लागला. मशीन आम्ही भंगारात घातलं.

यांनी दवाखान्यातच त्यांना शब्द दिला होता, "नवीन मशीन आणू. चालवायचं तूच." त्या शब्दावर तो माणूस पुन्हा उभा राहिला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मधल्या काळात आम्ही त्यांना गेटवर बसायला सुचवलं, तर म्हणाले, "खुर्ची उबवायला मी काय कोंबडी आहे?" भेटायला येणारे विश्रांती घ्या म्हणत. त्यांना ते सांगत, "हातावर हात धरून बसायचीसुद्धा सोय राहिली नाही हो." पाहुण्यांचे चेहरे पडत आणि भाऊजी एकटेच हसत. एकदा जाऊबाई मला म्हणाली, "ताई, रोज सकाळी स्वयंपाकघरात बसून रद्दी बांधतात. पायाने दाबायची, तारेचं एक टोक दातात धरायचं आणि पीळ द्यायचा. घरात एक कागद सुटा राहिला नाही. काल पोराच्या वह्याच बांधून टाकल्या. शाळेत जायच्या वेळी शोधाशोध." तीही हसत होती, पण डोळे पुसत.

म्हणून आज आम्ही दोघं मशीन बघायला आलो होतो. निघताना हे म्हणाले होते, "त्याला आवडेल ते घे. मला फोन करून विचारत बसू नका."

"मी चालवून बघू का?" भाऊजींनी विचारलं. मशीनवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना सांगा. चालवणार ते आहेत," मी म्हणाले.

भाऊजींनी पेटीत पुठ्ठा भरला, दार लावलं, बटण दाबून धरलं. पाटा घट्ट बसल्यावर खाचांमधून तारा ओवल्या, पाय लावला, टोक दातात धरलं आणि उजव्या हाताने पीळ देत गेले. थोडा वेळ लागला. मशीनवाला मदतीला पुढे सरकला तसा मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. मग गठ्ठा बाहेर पडला, चांगला ठाशीव. भाऊजी घामाने निथळत होते. कपाळ पुसत माझ्याकडे वळले, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच मला आमचे जुने भाऊजी दिसले.

"वहिनी, हेच."

"मग घेऊन टाकू," मी म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की भावात घासाघीस करायचंही सुचलं नाही.

पण मशीनवाला हाडाचा विक्रेता. "घ्या हो, पण दुसरं नुसतं बघून तर जा," म्हणत त्याने शेजारच्या मशीनवरचं कापड ओढलं. त्याला दोन बटणं होती. एक उजव्या अंगाला, एक डाव्या, एकमेकांपासून चांगली लांब आणि दोन्ही खोलगट वाट्यांमध्ये बसवलेली. "दोन्ही एकदम दाबायची आणि पाटा बसेपर्यंत धरून ठेवायची. एक सोडलं की मशीन जागच्या जागी थांबतं. म्हणजे काय, दोन्ही हात बटणांवर, आत जाणार कुठून? लोक फार डोकं लावतात हो. एका बटणाला कोपर टेकवतात, वीट बांधतात. म्हणून या वाट्या. आणि दरवेळी दोन्ही सोडून पुन्हा दाबल्याशिवाय हे चालतच..." बोलता बोलता त्याची नजर पिनेने टाचलेल्या बाहीवर गेली आणि त्याचा आवाज खाली आला. "तुम्हाला पहिलंच बरं."

"मला पहिलंच बरं," भाऊजी हसून म्हणाले. "माझा एकच हात, तो बटणावर. आत घालायला दुसरा आहेच कुठे? माझ्याइतका बिनधोक माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही."

आम्ही तिघंही हसलो. हिशेबात काही चूक नव्हती. पण माणसं सांभाळणं माझ्याकडे, म्हणून मी विचारलं, "आणि तुम्ही नसाल तेव्हा? आजारी पडलात, जेवायला गेलात?"

"बारकी बघेल ना."

बारकी म्हणजे आमच्याकडे कात्रण गोळा करणारी बाई. अंगाने काडी, कामाला वाघीण. मशीन गेल्यापासून ती एकटी सगळं कात्रण पोत्यात कोंबत होती.

"तिला मी शिकवीन. आत हात घालायचा नाही म्हणून बजावून सांगीन," भाऊजी म्हणाले.

तुम्हालाही बजावलंच होतं की सगळ्यांनी, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा बारकीचा विचार करायचाच नव्हता. मला ते मशीन भाऊजींना द्यायचं होतं.

ऑर्डर लिहायला आम्ही मशीनवाल्याच्या टेबलाकडे निघालो. त्याचा कामगार मागे राहिलेला पुठ्ठा पहिल्या मशीनमध्ये भरत होता. रिकामी करायची असेल जागा. त्याने उजव्या हाताने बटण दाबलं. पाटा उतरू लागला, कोपऱ्यातली एक पट्टी वर आली, आणि त्याचा डावा हात दारावरच्या मोकळ्या जागेतून सहज आत गेला, पट्टी ढकलून बाहेर आला. पाटा बसला. सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढ्यात. मी वळून बघितलं तर भाऊजी माझ्या शेजारी नव्हते. त्यांनी जाऊन त्या माणसाचं मनगट धरलं होतं.

"काय झालं?" तो दचकला.

"आत हात का घातलास?"

"कड वर आली होती."

"रोज घालतोस?"

"रोजचंच आहे हे. अंगवळणी पडलंय. माझा हात बरोबर बाहेर येतो."

भाऊजी त्याच्या बोटांकडे बघत राहिले. मनगट मात्र सोडेनात. तो माणूस आधी कसानुसा हसला, मग त्याने बाहीकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. बऱ्याच वेळाने भाऊजींनी त्याचा हात सोडला, जपून, एखादी वस्तू खाली ठेवावी तसा.

टेबलापाशी मी पेन उघडलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, दुसरं घ्या."

"भाऊजी, नीट विचार करा. यांनी तुम्हाला शब्द दिलाय."

"दादाचं मी बघतो."

"आणि तुम्ही काय करणार मग?"

"ते बघू नंतर. बारकीचे हात फार भरभर चालतात, वहिनी. वर आलेली कड बघून ती गप्प बसायची नाही. मी तरी कुठे बसलो?"

मी दोन बटणांच्या मशीनची ऑर्डर लिहिली. अक्षर वेडंवाकडं आलं. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून वाईट याचं की दुसरं घ्या असं त्यांना म्हणावं लागलं, मी म्हटलं नव्हतं. गाडीत बसल्यावर ते खिडकीबाहेर बघत एवढंच बोलले, "तुम्ही पहिलं नको म्हणाला असतात ना, तर मी भांडलो असतो."

मशीन आलं त्या दिवशी कारखान्यातली सगळी माणसं हातातलं काम टाकून मागच्या अंगाला जमली. जोडणारे जोडून, चालवायचं कसं ते दाखवून गेले. हे गावाहून तेवढ्यातच पोचले होते, बॅगसुद्धा हातातच. दादाचं मी बघतो म्हणणाऱ्या भाऊजींनी त्यांना काही सांगितलं नव्हतं, आणि ते सांगतील म्हणून मीही बोलले नव्हते. हे आले ते खुशीतच. "चल रे, पहिला गठ्ठा तुझ्या हातचा," म्हणत त्यांनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. मग त्यांना ती दोन बटणं दिसली. एकीकडून दुसरीकडे नजर गेली, आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी मान खाली घातली.

"बारके, इकडे ये," भाऊजी म्हणाले.

बारकी पदराला हात पुसत पुढे आली. भाऊजी उजव्या बटणापाशी उभे राहिले आणि तिला डाव्या बटणापाशी उभं केलं. "डावा हात बटणावर ठेव. उजवा पाठीमागे घे. मी सांगेपर्यंत पुढे आणायचा नाही. नाक खाजलं तरी नाही."

तिने उजवा हात पाठीमागे नेला आणि कमरेशी मूठ आवळून धरला. पुढून पाहिलं तर तिलाही एकच हात होता. "दाब," भाऊजी म्हणाले, आणि दोघांनी एकदम दाबलं. पाटा सावकाश खाली आला. तो पूर्ण बसेपर्यंत दोघंही जागची हलली नाहीत. यांनी हातातली बॅग तेव्हा कुठे खाली ठेवली.

पाटा वर गेला. भाऊजींनी बटणावरचा हात काढला.

"आता दोन्ही तुझी," ते बारकीला म्हणाले आणि तिला मधोमध उभं राहता यावं म्हणून बाजूला झाले.