ईदच्या हिश्शातलं मेणकापड

अरे थांब, जातोस कुठे? आधी ऐक, आमच्या घरात आत्ता काय झालंय ते! आठवडा झाला बकरी ईदला, आणि मला अजून कोणाला सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीये. हो, मीच बोलतेय. ओट्याच्या कोपऱ्यात बरण्यांच्या मागे चुरगळून पडलेय ना, ती. जरा चिकट आहे, हात लावू नकोस. पण आठवड्यापूर्वी मी अशी नव्हते, शपथ.

मी मूळची ओढणी. सुती, पिवळी, कडेला बारीक हिरवी फुलं. नशरा लग्न होऊन उरणहून पनवेलला आली तेव्हा तिच्या बॅगेत आले. दोन वर्षं तिच्या खांद्यावर होते, मग रंग गेला आणि कपाटाच्या तळाशी गेले.

मग या जूनमध्ये प्लास्टिकबंदी आली. नशराच्या सासऱ्यांचं, खलीलभाईंचं, जुन्या बाजारपेठेत सुक्या मेव्याचं आणि मसाल्याचं दुकान. दंडाच्या भीतीने त्यांनी पिशव्यांचे गठ्ठे माळ्यावर लपवले आणि दिवसभर "आता द्यायचं कशात? ओंजळीत?" म्हणत बसले. इकडे नशरा मोबाईलवर व्हिडिओ बघते तर काय, कापडाला मधमाशांचं मेण लावायचं, की वाट्यांवर ताणून बसवायच्या प्लास्टिकच्या गुंडाळीची गरजच संपली! हाताच्या उबेने वाटीवर चिकटतं, धुतलं की परत वापरायचं, वर्षभर.

पोरगी वेडी झाली रे. कर्नाळ्याच्या बाजूचा दादू मध विकायला यायचा, त्याला म्हणाली, "पोळं पिळल्यावर उरतं ते मेण टाकू नका, मला द्या." दादूला वाटलं हिला पाय फुटलेत म्हणून मेण हवंय. मग राळ आणली, खोबरेल घेतलं. मला नागमोडी कात्रीने चौकोनी कापलं, बाकीच्या जुन्या ओढण्यांनाही. दुखलं, खोटं कशाला बोलू. पण मेण किसून माझ्यावर भुरभुरवलं, वर कागद ठेवून इस्त्री फिरवली, आणि ते ऊन ऊन मेण धाग्याधाग्यात उतरलं तेव्हा... यार, मला पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी आहे! मधाचा मंद वास सुद्धा यायचा मला.

मेण किसलं खोबऱ्याच्या किसणीवर. सासूबाई, सफूराअम्मी, किसणी घासून घासून थकल्या.

"काय म्हणतात याला?"

"मेणकापड, अम्मी."

"मेणकापड बाळाच्या खाली घालतात. तीन वर्षं झाली, ते लागेल असं काही करा आधी."

नशरा हसली. म्हणजे ओठ हसले. मी तिच्या हातात होते, मला हाताचं कळतं. हात गार पडला होता.

पण पुढचे दोन महिने! अर्धा कांदा, कापलेलं लिंबू, मळलेली कणीक, रात्रीच्या खिरीची वाटी, सगळ्यावर मी आणि माझ्या बहिणी. फ्रीजमधली ती रिळावरची पारदर्शक गुंडाळी, एकदा फाडली की कचऱ्यात जाणारी, ती खणात पडून राहिली. आम्ही तीसजणी होतो. प्रत्येकीला नशराने टाक्याने एक चिठ्ठी लावली होती, तिच्या गोल अक्षरातली: 'गार पाण्याने धुवा. गरम पदार्थ नको. कच्चं मटण-मासळी नको.' तिला आम्ही सासऱ्यांच्या दुकानात ठेवायला हव्या होत्या. बस, एवढंच. काजूच्या बरणीशेजारी एक फळी, आणि त्यावर तिचं स्वतःचं काहीतरी. बीकॉम झालेली पोरगी, सकाळपासून चपात्याच लाटत होती.

ईदच्या आठवडाभर आधी खलीलभाईंनी जेवताना मला उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, वास घेतला.

"अरे, हे तर बढिया आहे! कोणी केलं?"

"मी, अब्बा."

"दुकानात ठेवू आपण. पण थांब, माझ्या डोक्यात एक आलंय. यंदा पिशव्या नाहीत. कुर्बानीचे हिस्से यातच बांधू! तीस घरांत जाईल, आपोआप जाहिरात. लोक म्हणतील, खलीलच्या सुनेने केलंय!"

तुला माहीत असेलच, कुर्बानीच्या गोश्ताचे तीन भाग करतात. एक घरात, एक नातेवाईक-दोस्तांना, एक गरिबांना. दरवर्षी काळ्या पिशव्यांत जायचं. आता बंदी.

नशराला पक्कं माहीत होतं. कच्चं मटण माझ्यात नाही चालत. ओलं असलं की मी चिकटतच नाही, आणि रक्ताचा वास काढायला कोणी गरम पाणी घातलं की मी संपले. पण यार, तीन वर्षांत पहिल्यांदा सासरे तिच्याकडे बघून 'बढिया' म्हणाले होते. 'खलीलच्या सुनेने' म्हणाले होते.

"हो अब्बा," ती म्हणाली.

नंतर तिने राहिलला फोन केला. राहिल म्हणजे नवरा, गल्फमध्ये. "कच्च्या मटणाला नाही चालत रे ते."

"मग सांग ना अब्बांना."

"तू सांगशील?"

"मी इथून काय सांगू? एक दिवसाचा तर प्रश्न आहे. काय होतंय एका दिवसाने!"

फोन ठेवून तिने छोटी कात्री घेतली आणि आमच्या चिठ्ठ्यांचे टाके उसवायला बसली. एकेक करून तीसजणींचे. माझाही. चिठ्ठ्या गेल्या कचऱ्याच्या डब्यात. मला इतकं नागडं वाटलं ना!

ईदचा दिवस. माझ्या पोटात तीन पाव मटण. मी बंद व्हायला बघतेय, कडा धरायला बघतेय, पण सगळं ओलं, निसरडं. शेवटी वरून सुतळी बांधली. जिन्यावर थेंब थेंब पडत गेले. माझा हिस्सा गेला शकूमावशीकडे. शकूमावशी म्हणजे सुकी मासळी विकणारी, वीस वर्षांपासून सफूराअम्मींची मैत्रीण. दर ईदला तिचा हिस्सा ठरलेला.

बाई मनाची इतकी चांगली! मटण शिजवलं, खाल्लं, आणि मग मला परत द्यायचं म्हणून स्वच्छ करायला घेतलं. दुसऱ्याच्या घरची वस्तू, वास यायला नको ना! चुलीवर पातेल्यात पाणी उकळलं आणि मला आत टाकलं.

काय सांगू तुला. धाग्याधाग्यातून मेण सुटत गेलं. वर तरंगलं, पातेल्याच्या कडेला पिवळी रेघ धरून बसलं. मी तळाशी. नुसती चिंधी झालेली, कुठे मेणाचे गोळे, कुठे कोरी.

आणि वस्तू रिकामी परत करायची नाही, म्हणून तिने माझ्यातच गरमागरम घावन बांधून आणले! उरलंसुरलं मेण घावनांना. रविवारी दुपारी ती आली तेव्हा खलीलभाई आधीच तापलेले. तीस घरांतून काय काय कानावर आलेलं. कोणी फेकून दिलं, कोणाच्या फ्रीजमध्ये वास सुटला, आणि मशिदीबाहेर कोणीतरी हसत म्हणालं होतं, "खलीलभाई, यंदा मेणातलं मटण?"

"सफूराबाय, चांगला कडकडीत पान्यात उकळलाय हो फडका," शकूमावशी म्हणाली. "पन ह्यो असा कसा झाला? माजा पातेला बी चिकाट झालाय. कसा धुवाचा ते लिवून तरी द्याचा व्हता गो नशरा!"

खलीलभाईंनी मान वळवली. ओरडले नाहीत. हळू विचारलं, "नशरा, मटणाला हे चालत नाही, तुला माहीत होतं?"

मी टेबलावर, घावनांखाली. मी बघत होते. माहीत होतं म्हणाली तर फसवणारी. नव्हतं म्हणाली तर अडाणी.

"नाही अब्बा. मला नव्हतं माहीत."

आणि ते निवळले! अगदी मायेने म्हणाले, "जाऊ दे बेटा. चुकतं माणूस. हे आपलं काम नाही." शकूमावशीसुद्धा म्हणाली, "पोर हाय, सोडा." दुसऱ्या दिवशी दुकानात त्या फळीवर झाकणाचे डबे लागले. प्लास्टिकचेच, पण जाड, चालतात म्हणे.

त्याच रविवारी, मोठ्यांचं बोलणं झाल्यावर स्वयंपाकघरात सासू-सून दोघीच होत्या. सफूराअम्मी घावनांवरचं मेण नखाने काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कचरा मीच टाकला होता त्या दिवशी. चिठ्ठ्या वाचल्या मी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत, अम्मी?"

"तू बोललीस?"

बस. एवढंच. मग त्यांनी खण उघडला, ती पारदर्शक गुंडाळी काढली, टर्रकन फाडली आणि उरलेल्या घावनांवर ताणून बसवली. नशराने थाळीची दुसरी बाजू धरली.

मी आता बरणीचं झाकण घट्ट बसलं की उघडायला. चिकट आहे ना, पकड चांगली येते. मेणाचा अर्धा गोळा अजून कपाटात आहे. इस्त्री आहे, किसणी आहे. पुन्हा एकदा ते ऊन ऊन मेण अंगात उतरलं तर मी परत उभी राहीन, तिला माहीत आहे. पण ती माझ्याकडे बघतच नाही रे. बघितलं तरी पटकन नजर काढून घेते.

राग कोणावर धरू तेच मला कळत नाही. त्या दिवशी जेवताना ती 'नाही' म्हणाली असती तर फळी गेली असती, 'हो' म्हणाली तरी गेलीच. तू सांग, भरल्या ताटावर, सगळ्या घरासमोर, तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी तुझं नाव कौतुकाने घेतलंय, आणि तुला माहीत आहे की ते चुकतायत. तू काय केलं असतंस?