दीड मिळवायचं असतं

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि खरं सांगायचं तर आता दमलो आहे. आयुष्यभर लोकांचे पाय अंगावर घेतले. आकडा मनासारखा आला की लोक स्वतःची पाठ थोपटतात, नाही आला की मला लाथेने कोपऱ्यात सरकवतात. सवय झाली म्हणा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लोखंडी वजनं ठेवून माझी परीक्षा घेतली, तेव्हा मी केसभरही चुकलो नव्हतो. या घरात मला आणलं ते एका बाळासाठी. आई आधी बाळाला कडेवर घेऊन माझ्यावर उभी राहायची, मग बाळ बाबांकडे देऊन एकटी उभी राहायची, आणि वजाबाकी करून बाळाचं वजन काढायची. अर्धा किलो वाढला की सगळं घर माझ्याभोवती गोळा व्हायचं. जणू मीच बाळाला भरवलं असावं, असं माझं कौतुक व्हायचं. बाळ चणीने लहान, म्हणून तिचं नाव बारकी पडलं. ती मोठी झाली तरी नाव काही सुटलं नाही.

माझं कौतुक मात्र संपलं. मी न्हाणीघरात गेलो. तिथे ओल लागली, फरशी पुसताना रोज धक्के बसले, आणि माझा काटा शून्याच्या दीड किलो मागे जाऊन बसला. बाजूचं बारीक चाक फिरवलं असतं तर भागलं असतं. पण चाक गंजलेलं, आणि वेळ कुणाला? बाबा बस चालवतात, आई कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. एकाची कंबर बसून धरते, एकीचे पाय उभं राहून सुजतात. तेव्हा घराने सोपा मार्ग काढला. जो आकडा दिसेल त्यात दीड मिळवायचे. पाहुणा न्हाणीघरात गेला तरी बाहेरून आवाज यायचा, "दीड मिळवा हं!" बाबा तेवढे सोयीस्करपणे विसरायचे.

आता सांगतो ती गोष्ट या पानगळीतल्या एका आठवड्याची. बारकी ज्युडो खेळते. रविवारी तिची मोठी स्पर्धा होती, पन्नास किलोच्या गटात. त्या सकाळी वजन पन्नासच्या वर भरलं तर तिला मॅटवर पाऊलही ठेवता येणार नव्हतं. वर्षभर तिने त्यासाठी अंग मोडून मेहनत केली होती. आदल्या रविवारी काटा साडेएकोणपन्नासवर थांबला. तिने दीड मिळवले, एक्कावन्न झाले. एकच किलो उतरवायचं होतं आणि अख्खा आठवडा हातात होता. ती गुणगुणतच बाहेर गेली.

सोमवारी आजोबांनी मला उचललं. त्यांना रिकामं बसवत नाही. शिलाई मशीनचं तेल घालून, बराच वेळ खटपट करून त्यांनी ते चाक फिरवलं आणि काटा बरोबर शून्यावर आणला. किती वर्षांनी मला बरं वाटलं म्हणून सांगू!

न्हाणीघराचं दार जेवणघरातच उघडतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. रात्री जेवताना आजोबा म्हणाले, "तो काटा मी नीट केलाय बरं का." बाबा फोनवर दुसऱ्या दिवशीची पाळी बघत होते, ते "हं" म्हणाले. आई पाय चोळत होती, तीही "हं" म्हणाली. बारकीच्या कानात गाणी होती, तिने नुसती मान हलवली. आजोबांना वाटलं, सांगून झालं.

मंगळवारी पहाटे बारकी अर्धवट झोपेत माझ्यावर चढली. रिकाम्या काट्याकडे कोण बघतं? मी एक्कावन्न दाखवले, अगदी खरे. तिने दीड मिळवले आणि तिचा चेहरा पडला. साडेबावन्न! त्या दिवसापासून तिने खाणं जवळजवळ सोडलं. आईला सांगायची, "सरावाला जाताना खाल्लं." बाबांना सांगायची, "आईने वाढलं." दोघेही इतके थकलेले असायचे की त्यांना ते पटायचं. बुधवारी बाबा चढले, आकडा बघून त्यांनी मला एक शिवी हासडली आणि हवा दमट असल्याचं स्वतःला समजावून उतरले.

गुरुवारी मी पन्नास दाखवले. तिला हवे होते तेवढेच. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं पोरी, झालं तुझं काम, जा, पोटभर जेव. पण मला तोंड कुठे आहे? तिने डोळे पुसले, दीड मिळवले आणि त्या दिवसापासून पाणीही घोट-घोट प्यायला लागली.

शनिवारी काटा एकोणपन्नासवर आला. "अजून अर्धा किलो," ती पुटपुटली आणि माझ्यावरच कोसळली.

बादली गडगडली, सगळे धावत आले आणि तिला बाजूला फरशीवर निजवलं. शेजारच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली. "अंगात पाणी नाही, पोटात अन्न नाही. उद्या कसली स्पर्धा? उद्या उठून चालली तरी पुष्कळ झालं."

"पण अजून अर्धाच किलो जास्त आहे," बारकी पडल्या पडल्या म्हणाली. "काटा एकोणपन्नास दाखवतो, त्यात दीड मिळवले की..."

"दीड कशाला?" आजोबा दारातून म्हणाले. "सोमवारीच नीट केला मी तो. जेवताना सांगितलं की."

बाबा वाकले आणि त्यांनी रिकाम्या काट्याकडे नीट पाहिलं; तो बरोबर शून्यावर होता. आई तिथेच ओल्या फरशीवर बसली.

"म्हणजे गुरुवारीच झालं होतं," बारकी म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

रविवारची स्पर्धा तिच्याविना झाली. त्या दुपारी आजोबांनी ताट बाजूला सारलं. "मी हातच लावायला नको होता," ते म्हणाले. बारकीने त्यांचं ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. "आजोबा, तुम्ही सांगितलं होतंत," ती म्हणाली. आई-बाबा खाली मान घालून जेवत राहिले.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतो, आम्हाला पुसत जा, तेल घालत जा, अडगळीत टाकू नका. माझ्या तोंडून आज ते निघत नाही. या घरात कित्येक वर्षांत मी त्या एकाच आठवड्यात बरोबर होतो, आणि त्याच आठवड्यात घरातली मुलगी उपाशीपोटी कोसळली. तेव्हा मला गंजू दिलंत तरी चालेल. पण घरातलं कुणी जेवताना काही सांगत असेल, तर "हं" म्हणण्याआधी मान वर करून त्याच्याकडे बघा.