बिनसाखरेची टर्की

अप्पांच्या अंगात त्या सकाळी वारं भरलं होतं. दुकानाच्या काचेमागे सॉसेजच्या माळा, चीजचे गोळे, खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या, सगळं जागच्या जागी होतं, तरी ते फडकं घेऊन पुसतच होते. बायकोने सांगून पाहिलं, की लेक येतेय, तपासनीस नाही. पण ऐकतील तर ते अप्पा कसले!

लेक म्हणजे ठकी. लहानपणी ती या काउंटरमागेच जेवायची. गेल्या वर्षी मात्र अर्धशिशीने तिला पार जेरीला आणलं आणि तिने कडक पथ्य धरलं. साखर नाही, मध नाही, पीठ नाही, दूध नाही; फळं तेवढी चालायची. दुखणं पळालं, पण बापाच्या दुकानात मांसापासून काकडीपर्यंत सगळ्यात साखर नाहीतर दूध, त्यामुळे तिथलं सगळंच तिला वर्ज्य झालं. आली की घरून आणलेला डबा उघडायची. अप्पांना ते असं झोंबायचं, की एकदा बोलून गेले, "म्हणजे इतकी वर्षं मी तुला विषच चारत होतो." ठकीने डबा बंद केला आणि दुकानात येणं सोडलं.

तेव्हापासून अप्पा हट्टाला पेटले होते. कोंबडीहून मोठा तो टर्की पक्षी मिठाच्या पाण्यात मुरवून धुरावर शिजवायचा, ही त्यांची खासियत; ठकीला चालेल अशी टर्की करायचीच. पण त्या मिठाच्या पाण्यात साखर नसली, तर नुसतं मीठ जिभेला टोचतं. पहिली तोंडात धरवेना. दुसरी कुत्र्यानेही हुंगली नसती. शेवटी त्यांनी पाण्यात सफरचंदाचा रस घातला, आणि असं काही जमलं म्हणता, की अप्पांनी लगेच लेकीला फोन लावला.

ठकी आली तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांची रांग होती. अप्पांनी सगळ्यांना थांबवून टर्कीचा पहिला काप तिच्या हातात दिला. यात काय काय आहे, तिने विचारलं. मीठ, मिरी, सफरचंदाचा रस आणि धूर, असं त्यांनी छाती फुगवून सांगितलं. ठकीने काप नाकाशी नेला. तिचे डोळे भरून आले. अप्पांना आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात त्यांना कापाची कड चकाकताना दिसली.

धुरातून काढायच्या आधी टर्कीवर मधाचा हात फिरवायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. डोकं साखरेच्या चिंतेत असताना हाताने आपलं काम उरकलं होतं. एवढासा मध. कोणाला कळणार होतं? लेक खायला निघाली होती, तीही किती दिवसांनी.

"थांब," अप्पांनी तिचं मनगट धरलं. "मध लागलाय त्याला. माझ्याच हाताने. खाऊ नकोस."

भर दुकानात त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठकीने काप खाली ठेवला. मग तिने त्यांच्या हातातली सुरी घेतली, टर्कीची वरची चकाकती साल चांगली जाड सोलून बाजूला सारली, सुरी धुतली आणि आतल्या पांढऱ्या मांसाचा तुकडा कापून तोंडात टाकला. ती बराच वेळ चावत राहिली.

"मला वाटलं होतं, तुम्हाला माझं पथ्य म्हणजे थेरं वाटतात," ती म्हणाली. मग तिने सुरी त्यांच्यापुढे धरली. "अजून एक द्या, अप्पा. जाडसर कापा."

अप्पांनी कापला. रांगेतल्या पहिल्या बाईंनी काय मागितलं होतं, ते त्यांना पुन्हा विचारावं लागलं.